टोकाला उमटलेले ठसे

फ्रीमाँट, शनिवार संध्याकाळ

आज माझ्या मुलीला, ईराला, मी डिझाइन केलेला नवा गोल्फ क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, खेळायला दिला. त्याच्या डोक्यातलं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागातलं, वजन मधून काढून कडेला नेलंय. त्यामुळे फटका मधोमध न बसता चुकला तरी चेंडू सरळ जातो. पण हाताला झिणझिण्या येत नाहीत, म्हणून चूक कळतच नाही.

एकूण एक चेंडू सरळ गेले. "डॅड, आय ॲम गेटिंग सो गुड."

चेंडू कुठे लागतो ते कळावं म्हणून क्लबच्या त्या भागावर मी पांढरी पावडर फवारली होती. चेंडूचे सगळे ठसे टोकाला, मध्ये एकही नाही. मग नक्की सुधारलं कोण? थोडं वजन परत मध्ये आणू? मग चेंडू भरकटतील, ती रडेल. कदाचित शिकेलही. कळत नाही.

ठसे तिला दाखवायला हवे होते. ती धावत आली तेव्हा मी ते रुमालाने पुसत होतो.