मी इथे काम करत नाही

३ मार्च
आजची पक्की खबर: एक एप्रिलपासून कर खात्यात नोंदणी नसलेल्या कुठल्याही सब-कॉन्ट्रॅक्टरला हॉस्पिटलच्या नव्या कामावर घेणार नाहीत. खबर प्लंबरने आणली. दुजोरा आमच्या ठेकेदाराच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या बाईंनी दिला. म्हणजे दोघं सामील.

बाई म्हणाल्या, तुमची नोंदणी नाही म्हणून तुमच्या बिलातून जास्त टक्के कापून कर खात्यात भरावे लागतात. नोंदणी केलीत तर कमी कापू. मी विचारलं, यात तुमचा फायदा काय? म्हणाल्या, काहीच नाही. स्वतःचा फायदा नसताना माणूस दुसऱ्याचं भलं सांगतो, तिथेच पाणी मुरतं.

हॉस्पिटलचं काम म्हणजे दोन वर्षं नुसती फरशी. ते मलाच मिळणार. माझ्यासारखा सांधा इथे कोणी जुळवत नाही. बायकोला तसं सांगूनही टाकलंय. ती शिवणाच्या कारखान्यातली दुसरी पाळी सोडणार आहे.

संकल्प: नोंदणी न करता काम मिळवणे.

४ मार्च
मेहुणा आला. फरशीचं काम माझ्याच हाताखाली शिकला. गेल्या वर्षी नोंदणी करून बसला. म्हणतो, दाजी, चहा निवायच्या आत होतं, आणि वर्षाअखेरीला विवरण भरलं तेव्हा कापलेल्यातलं थोडं परतसुद्धा आलं. सरकार आणि परत देतं! उंदराच्या पिंजऱ्यातला तुकडाही फुकटच असतो. बायको भावाकडे बघून हसली. भावंडांचं आधीच ठरलेलं दिसतं.

५ मार्च, संध्याकाळी सात
फॉर्म नुसता वाचायला म्हणून फोनवर उघडला. नाव, पत्ता ठीक. पुढचा प्रश्न: स्वतःचा व्यवसाय कधी सुरू केला? इथेच मेख आहे. खरं लिहावं तर मागच्या सगळ्या वर्षांचं विचारणार. खोटं लिहावं तर खोटं लिहिलं म्हणून धरणार. बंद केला. बायकोला सांगितलं, नेटवर्क नाही. तिला आज सुट्टी होती, ती त्याच वेळी शेजारी बसून आईशी व्हिडिओवर बोलत होती. म्हणाली, अहो, नेटवर्क काय फक्त तुमच्यावरच रुसलंय?

१० मार्च
व्हायचं ते झालं. आमच्या सध्याच्या साइटवर नवा माणूस. बूट चकचकीत, हेल्मेटवर एक ओरखडा नाही. कोणाशी न बोलता सरळ दुसऱ्या मजल्यावर, मी टाइल्स लावत होतो त्या बाथरूममध्ये. उकिडवा बसला, सांध्यावरून नख फिरवलं, विचारलं, हे कोणी केलं?

कर खात्याचा माणूस. शंभर टक्के.

मी म्हणालो, माहीत नाही. त्याने विचारलं, मग तुम्ही इथे काय करताय? म्हणालो, उभा आहे. हात कोपरापर्यंत गोंदाने भरलेले होते, पण आवाजात जरब होती. पटलं असावं.

११ मार्च
पुन्हा आला. किती वर्षं या धंद्यात आहात? मी म्हणालो, मी इथे काम करत नाही, ओळखीच्यांना भेटायला आलोय. माझ्या गुडघ्यांवरच्या पॅडकडे बघत राहिला. म्हणालो, संधिवात.

म्हणाला, काम सुरेख आहे, करणाऱ्याचं नाव कळलं तर बरं. गोड बोलून गळाला लावायची जुनीच रीत. समोरच्या खोलीत मेहुणा फटी भरत होता. मी बोट दाखवलं: त्याचं काम. सगळा मजला त्याचाच. नोंदणी त्याची आहे, उत्तरंही तोच देईल. अडीअडचणीला शेवटी नात्यातलाच माणूस कामी येतो.

१२ मार्च
नुसत्या बोलण्यावर विसंबून चालणार नाही. लिफ्टसमोर एक टाइल मुद्दाम वाकडी बसवली, कड वर ठेवून, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत. असला हात बघून कोण म्हणेल हा फरशीवाला? तो म्हणाला, राहू द्या काका, ज्याचं काम त्याला करू द्या. प्लंबर खो खो हसला. तो सामील आहेच.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन काढणार होतो. तोवर गोंद घट्ट झाला. दिवसभर तिकडून जाताना मान फिरवून गेलो.

१४ मार्च
माणूस कालही नाही, आजही नाही. पिटाळला!

बायकोने कारखान्यात सांगितलं, महिनाअखेरीपासून एकच पाळी. मला विचारलं, नक्की ना हो? म्हणालो, काळ्या दगडावरची रेघ.

१७ मार्च
तो कर खात्याचा नव्हता. हॉस्पिटल बांधणाऱ्या कंपनीचा होता, फरशीचं काम कोणाला द्यायचं ते बघायला आलेला. दुजोरा पुन्हा बाईंचा. काम मेहुण्याला मिळालं.

तडक कंपनीच्या ऑफिसात गेलो. माणूस सज्जन. म्हणाला, काका, तुमच्या ओळखीच्या मुलाचं काम फार आवडलं. म्हणालो, ते काम माझं आहे. तो मला गाडीत घालून साइटवर घेऊन आला, लिफ्टसमोर उभं केलं. बुटाचं टोक फक्त त्या वर आलेल्या कडेवर ठेवलं.

मेहुणा शपथ घेऊन सांगतो, दाजी, मी म्हटलं होतं त्यांना, हा मजला दाजींचा. ते म्हणाले, नम्र आहेस, हेही चांगलं. आणि पाठ थोपटली.

१८ मार्च
कर खात्याचा नाही असं तो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

बायको सकाळी लवकर निघून सुपरवायझरला भेटली. पाळी राहू द्या म्हणून सांगून आली. मला एका शब्दाने बोलली नाही. यामागे काय आहे ते कळत नाही.

२१ मार्च
मेहुण्याने मला हाताखाली घ्यायचं कबूल केलं. म्हणजे आता माझा कॉन्ट्रॅक्टर तो, माझ्या बिलातून कर कापणारही तोच. आणि नोंदणीचा नंबर दाखवल्याशिवाय हॉस्पिटलच्या गेटवरून आत सोडणार नाहीत. म्हणाला, दाजी, राग धरू नका, नियम आहे. राग कसला? मी फक्त त्याच्यावर नजर ठेवायला आत शिरतोय. शिवाय कोपऱ्यातली कापणी त्याला अजून जमत नाही, ती मीच करायची आहे. कंपनीला बिल मात्र त्याच्या नावाने जाईल.

उद्या अकरा वाजता नोंदणीच्या कचेरीत जायचं. फोनवर होतं, पण बायकोचा माझ्या फोनवर विश्वास उरलेला नाही. पहिली पाळी बुडवून बरोबर येणार आहे. म्हणते, एकटं सोडलं तर दारातूनच परत याल. खिडकीशी माझ्या शेजारी उभी राहून सगळं भरून घेणार.

तिथून ती घरी येणार नाही. डबा बरोबर घेतेय. थेट दुसऱ्या पाळीला जाईल.