देत नाही, सोडतही नाही

बा, आज वर्गात तुझी गोष्ट सांगितली. यवतमाळच्या कॉलेजात मी कायदा शिकवते, हे बघायला तू राहिला नाहीस. धडा होता, माणसांचा छळ करून दुसऱ्या देशात लपणाऱ्यांचा. ज्या देशात असा माणूस सापडेल त्या देशानं तो मागणाऱ्यांच्या हवाली करावा, नाहीतर स्वतः खटला चालवावा. दिग्रसची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गुन्हा तिकडं झाला, मंग यायनं काहून ताप घ्यावा?" पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं, पण डोळ्यांपुढे आपलं अंगण आलं.

मामा ओसरीवर जेवतोय. पल्याडच्या तांड्यात एका विधवेला डाकीण ठरवून त्यानं तिचं झोपडं पेटवलं आणि बहिणीकडे येऊन बसलाय. तिथली माणसं काठ्या घेऊन दारात उभी आहेत. त्यांच्यात ती बाईही आहे, भाजलेल्या हातांना चिंध्या गुंडाळलेली. मामा आधी ज्या तांड्यात लपला होता तिथल्यांनी तिला 'तुझं नशीब' म्हणून वाटेला लावलं होतं. हवाली केला तर मामा वाटेतच मरणार, हे दिसत होतं. आत आई, आपली याडी, रडत बजावतेय, माझ्या भावाला बाहेर काढलं तर ही चूल पेटणार नाही. तू तांड्याचा नायक. तू उठून पागोटं बांधलंस.

"मी याले देत नाही, अन् सोडतही नाही. नसाब इथंच बसन. बाई, तू बोल."

नसाब म्हणजे आपली न्यायाची बैठक, असं मी वर्गाला सांगितलं. त्या मुलीनं वहीत 'नशीब बसवलं' असं उतरवून घेतलं, वाचून दाखवलं आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण खोडायला सांगितलं नाही. नसाबात ठरलं तसं मामानं सगळ्यांसमोर त्या बाईची माफी मागितली, झोपडं आपल्या हातानं बांधून दिलं, आणि त्याला ठाण्यावरही तूच घेऊन गेलास. याडी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलली नाही.

हल्ली दूरदेशीही कुठं कुठं अशी बैठक बसते बा, उशिरा का होईना. वाचलं की मला फार बरं वाटतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकते. मामा माझा फार लाडका होता. ती बाई बोलायला लागली तेव्हा त्यानं मागच्या दारानं पळून जावं असं मला वाटत होतं. तिचं बोलणं संपलं तेव्हा मी ते दार अडवून उभी राहिले होते.