लुटलेल्या वाणातली एक कुंडी

नायमेखन,
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थरूप मनोहरराव यांना हरिहरचा सादर नमस्कार.

(साष्टांग लिहिणार होतो; परंतु गुडघ्याच्या सद्यःस्थितीत ते विधान खरे ठरणार नाही, आणि पत्राचा आरंभच असत्याने करणे मला प्रशस्त वाटले नाही.) आपला रक्तदाब आटोक्यात असावा अशी अपेक्षा आहे. नसल्यास पुढील मजकूर गोळी घेऊन वाचावा. आम्ही उभयता येथे कुशल आहोत. म्हणजे आपली भगिनी वीणा कुशल आहे.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू झाले. सौ. सुरेखावहिनी त्यासाठी आपल्या चि. वल्लरीसह तिच्या ग्रोनिंगनच्या बिऱ्हाडातून मुद्दाम आल्या होत्या, तेव्हा आपल्याला वृत्तान्त कळला असेलच. तथापि त्यात वाणाचा तपशील अपुरा असण्याची शक्यता असल्यामुळे मी तो पुरवीत आहे.

आमचे डच शेजारी श्री. हुक्स्ट्रा हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक असून त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांना विंटरअकोनीट या फुलाचा नाद आहे. (नाद हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे.) हे रोप बोटभर उंचीचे असते. थंडी सरण्याआधीच ते जमिनीतून डोके काढते, आणि हिरव्या पानांच्या झालरीवर एक पिवळा पेला ठेवल्यासारखे फूल धरते. पाहणाऱ्यास सगळी सारखीच वाटतात. तशी ती नाहीत. एक गडद पिवळे, एक गंधकासारखे फिकट, एक नारिंगीकडे झुकणारे, एक दुहेरी पाकळ्यांचे, असे अनेक प्रकार हुक्स्ट्रांनी कुंड्यांतून जपले आहेत. बी पेरल्यापासून फूल दिसेपर्यंत चार वर्षे जातात, आणि बहुतेक वेळा शेवटी साधे पिवळेच निघते. असे करता करता त्यांच्याकडे एक रोप असे आले, की ज्याच्या प्रत्येक पाकळीला आतून, देठापासून टोकापर्यंत, केसाएवढी हिरवी रेघ आहे. जगात एकच. त्याला दिवंगत पत्नीचे, त्रूसबाईंचे, नाव देण्याचा त्यांचा संकल्प आहे, आणि त्यासाठी उद्यानमंडळाचे दोन जाणकार या शनिवारी ते पाहण्यास यायचे होते. रोप गेले तर पुन्हा पेरून वाट पाहण्याइतकी वर्षे आपल्याकडे नाहीत, हे ते हवामानाविषयी बोलावे तितक्या सहजतेने सांगतात.

कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर ते शुश्रूषागृहात आहेत. जाताना त्यांनी सर्व कुंड्या माझ्या स्वाधीन केल्या. साऱ्या गल्लीत मीच एक असा आहे, की जो कुंडीवरच्या चिठ्ठीलाही दिशा बदलू देत नाही, असे त्यांचे मत होते. त्या मी परसातल्या काचघरात मांडल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाने घरात थांबू नये असा वीणाचा दंडक असल्याने मी त्या दुपारी हुक्स्ट्रांना भेटण्यास गेलो, आणि त्यांचा हात हाती घेऊन सांगितले, की रोपे सुखरूप आहेत. नेमक्या त्या वेळी (मी नंतर पडताळून पाहिले) वीणा ती लुटत होती. पुण्याहून यायचे करंडे कस्टममध्ये अडकले होते, सवाष्णी दारात होत्या, आणि हल्ली रोपे वाणात देणे पर्यावरणाच्या दृष्टीने स्तुत्य मानतात. परतलो तेव्हा काचघराची फळी मोकळी होती आणि चिठ्ठ्या कचऱ्यात होत्या.

“चिठ्ठ्या का काढल्यास?” असे मी विचारले.

“मग? वाण द्यायचं का रक्ताचा नमुना? इतकी ती लॅटिन नावं! रिबिनी बांधल्या, हळदकुंकू लावलं, किती गोड दिसत होत्या.”

परत मागू, म्हणालो. त्यावर तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती आपल्या घराण्यातली असल्याने मी वर्णन करीत नाही. वाण परत मागत नाहीत. निदान ते विषारी आहे, एवढे तरी महिलांच्या व्हॉट्सॲप गटात कळवावे, अशी मी विनंती केली. तिने कळवले, सोबत एक हसरा चेहरा जोडला, आणि फुलांचे फोटो मागवले. फोटो आले. प्रत्येकीने ते इतके सुशोभित केले होते, की गंधकी आणि गडद हा भेदच उरला नाही. तरी पानांवरून मी बहुतेक कुंड्या वगळल्या. तीन उरल्या.

यानंतरचे दोन दिवस माझ्या प्रकृतीस मानवले नाहीत. अडचण अशी, की हे फूल उजेड आणि ऊब मिळाल्याखेरीज उघडत नाही, आणि न उघडता रेघ दिसत नाही. परंतु ऊब जास्त झाली तर पाकळ्या गळतात. गळाल्या, की मग सर्व रोपे पुढल्या वर्षापर्यंत सारखी. त्यामुळे आगगाडीने स्लोटरडाइकला जाऊन श्रीमती स्वानंदी यांच्या घरी, जिथे मी पूर्वी निमंत्रण असूनही कधी गेलो नव्हतो, मी टेबलावरच्या दिव्याखाली कुंडी ठेवून भिंग हातात घेऊन बसलो. त्यांच्या सासूबाई दाराआडून पाहून गेल्या आणि आत जाऊन विचारत्या झाल्या, “कुठले गुरुजी बोलावलेस गं?” दोन वेळा उपमा झाला. फूल उघडले. रेघ नव्हती. दुसरी कुंडी येथेच नायमेखनमध्ये हिमानीकडे होती. तिचा नवरा विराज माझ्याच कंपनीत असून त्याने मला कार्यालयात आता कोणत्या नावाने संबोधतात हे सांगितले. ते मी येथे लिहीत नाही. तिचे फूल दुहेरी निघाले.

म्हणजे उरली ग्रोनिंगनची. काल रजा टाकून गेलो. वहिनींनी अगत्याने स्वागत केले. कुंडी खिडकीत होती, रिबीन होती, मातीत पाणी होते. वर काही नव्हते. मंगळवारी माघी गणेशजयंती होती. फूल गणपतीला गेले, आणि पानांची झालर पत्री म्हणून गेली.

मनोहरराव, मी निर्माल्याची पिशवी उघडण्याची परवानगी मागितली. वल्लरी म्हणाली, “काका, आर यू ओके?” शेवंतीखालून ते निघाले, कुंकवाने माखलेले. मी पाकळी भिंगाखाली धरली. रेघ होती.

कंद शाबूत आहे, तो पुढल्या वर्षी फुलेल, म्हणून मी कुंडी मागितली. त्यावर वहिनी म्हणाल्या, “नणंदेच्या घरचं पहिलं वाण आहे ते, हरिहरराव. परत कसं देऊ? कंद पुण्याला नेणार मी, दारात लावणार. तुमच्या त्या आजोबांना गार्डन सेंटरातून दुसरं आणून द्या, ढीगभर असतात.” मी त्यांना रेघेचे महत्त्व, रंगांचे भेद आणि संकराची शक्यता आकृती काढून समजावली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मला साबुदाण्याची खिचडी वाढली. निघताना वल्लरीने जिन्यात सांगितले, “काका, आईशी आर्ग्यू करू नका. मी पीएचडी करतेय, तरी मी नाही करत.”

असो. आपल्या प्रकृतीची चौकशी करावी, एवढाच या पत्राचा हेतू होता.

आपला,
हरिहर

ता. क. वहिनींचे विमान शनिवारी दुपारी आहे. कंद पुण्याच्या उन्हाळ्यात वाचणार नाही. आपण एक शब्द टाकलात तर त्या तो येथेच ठेवून जातील. इतक्या वर्षांत मी आपल्याकडे काहीही मागितलेले नाही, हे केवळ नोंदीसाठी.

ता. क. २ (शनिवार). पत्राचा फोटो गुरुवारीच वीणाच्या फोनवरून जायचा होता. परंतु एका ओळीत खाडाखोड झाल्याने मी ते पुन्हा स्वच्छ लिहून काढले. आज सकाळी वीणाने ते वाचले आणि एकच प्रश्न केला: “त्रूसबाईंचं वहिनीला सांगितलंत का?” मी म्हणालो, फुलाच्या ओळखीशी त्याचा संबंध नव्हता. तिने कपाळावर हात मारून फोन लावला. वहिनी सुरक्षा तपासणी ओलांडून गेल्या होत्या. ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, हे आधी बोलायचं, का आकृत्या काढायच्या?” कंद त्यांनी पेटीत न ठेवता पर्समध्येच घेतला होता, आता तो ओल्या रुमालात गुंडाळून हातात धरून बसल्या आहेत असे कळते. (त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांविषयी मी विचारले नाही. आयुष्यात प्रथमच.) तरी वरील विनंती रद्द समजावी. नवी विनंती अशी, की आपल्या फ्रिजचा भाजीचा कप्पा आजच रिकामा करावा. कंद सुंठेच्या तुकड्यासारखा दिसतो. तो चहात जाऊ देऊ नये.

ता. क. ३. आत्ताच शुश्रूषागृहातून आलो. सर्व सांगितले. हुक्स्ट्रांनी ते कुंकू लागलेले फूल तळहातावर घेतले, रेघ पाहिली, जाणकारांना फोन करून पुढल्या फेब्रुवारीत या म्हणून कळवले, आणि मला एवढेच विचारले, की पुण्यातला तो भाजीचा कप्पा किती अंशांवर असतो. विचारून सांगतो, म्हणालो. कृपया थर्मामीटर ठेवून, दार न उघडता, रात्रभराने पाहावे आणि लगेच कळवावे. ते जागे आहेत.