शेणखताचा खड्डा

२ मे
पोचले एकदाची सावरखिंडीत! इस्लापूरहून हनीफभाईंच्या जीपनं वर आणलं. सागाचं जंगल, वळणावळणाचा रस्ता, मध्ये एक ओढा आणि त्यापलीकडे डोंगराच्या कुशीत चाळीसेक घरं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी, पण भिंती नव्या रंगवलेल्या. आमच्या रेणापूरला मे महिना कोरडा भाजतो, इथं मात्र इडलीपात्रात बसल्यासारखं वाटतं. घाम येतो आणि वाळायचं नावच घेत नाही.

आशाताई सिंधू दारातच उभी होती. ज्वारीची भाकर, ठेचा आणि वर कांदा घेऊन. म्हणाली, याआधीच्या नर्सबाई सहा महिन्यांत पळाल्या, तुम्ही किती दिवस टिकता बघू. मी म्हटलं, मी भांडखोर आहे, गाव पळेल पण मी नाही. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मैत्री तिथंच झाली आमची.

६ मे
इथलं ऊन आणि पाऊस ठरवून येतात. सकाळी आभाळ लख्ख, दुपारी पान हलत नाही, डोकं ठणकतं. मग सहस्रकुंड धबधब्याच्या बाजूनं काळे ढग डोंगर चढून येतात आणि चहाच्या वेळेला वळवाचा पाऊस कोसळतो. विजा तर अशा पडतात की भांडी वाजतात.

आज सिंधूनं देवळामागचा शेणखताचा खड्डा दाखवला. मी समजले, खतासाठीच असेल. तर म्हणे, ज्याच्यावर वीज पडते त्याला ह्यात गळ्यापर्यंत पुरतात. ओल्या शेणातून वीज जमिनीत उतरते, दिवस मावळला की माणूस बाहेर काढायचा. आणि तोवर तो काही बोलला तर ऐकायचं नाही, ओ द्यायची नाही. कारण तो बोलत नसतो, त्याच्या अंगातली वीज बोलत असते.

माझं डोकंच फिरलं. उशी समोर ठेवली आणि तिला तिथल्या तिथं शिकवलं: वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. बिनधास्त हात लावायचा. श्वास नसेल तर छाती दाबायची, जोरात, न थांबता. सिंधूनं उशीचा पार कापूस काढला. मग म्हणाली, माझ्यावर पडली तर तुम्ही हाव ना, बाई. मी म्हटलं, आहे की.

११ मे
देवळासमोर बायाबापड्यांना जमवून तेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं हे ह्या गावाचं हत्यार आहे, त्यापुढं भांडणसुद्धा करता येत नाही. सिंधूचा नवरा वैजनाथ मागं बसला होता, शांत, सालस माणूस. तो म्हणाला, त्याच्या आजोबाला ह्याच खड्ड्यानं वाचवलं. मी म्हटलं, आजोबा खड्ड्यामुळं नाही, खड्डा असूनही वाचले. लोक हसले. त्यालाही हसू आलं. घरी जाताना सिंधूसाठी छत्री धरून चालत होता.

१६ मे
रागानं पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. तरी लिहिणार.

आज बैठकीसाठी इस्लापूरला गेले होते. परतताना वळीव गाठला, ओढा भरला, हनीफभाईंनी जीप अलीकडेच थांबवली. पाणी उतरेपर्यंत दोघं जीपमध्ये बसून राहिलो. मी त्यांना सिंधूचे किस्से सांगत होते. हसत होते मी.

गावात आले तर देवळामागं माणसं. खड्ड्यात शेण भरलेलं आणि शेणाच्या वर सिंधूचं डोकं. केसांत पावसाचं पाणी.

मी हातांनी उकरलं. कोणी पुढं आलं नाही, दिवस मावळायचा होता ना अजून! बाहेर काढली तेव्हा अंग कोमट होतं. छाती दाबत राहिले, हनीफभाईंनी मला धरून बाजूला करेपर्यंत.

शेजारची कमलम्मा रडत सांगत होती, की वीज पडल्यावर सिंधू उठून बसली होती. पाय हलत नव्हते, पण बोलत होती. पुरल्यावरही बोलत होती. छातीवर लई ओझं झालंय म्हणत होती. बाईंना बोलवा म्हणत होती. पाऊस थांबेपर्यंत.

वैजनाथ मला म्हणाला, “ती बोलून नव्हती राहिली, बाई. वीज बोलून राहिली होती.”

१७ मे
भर स्मशानात सगळ्यांदेखत वैजनाथला सांगितलं. तुझी बायको विजेनं मेली नाही, तू मारलीस. शेणाच्या ओझ्याखाली तिला श्वास घेता आला नाही, आणि तू समोर बसून ऐकत होतास.

तो खाली वाकून चितेवरच्या गोवऱ्या नीट लावत राहिला.

मला वाईट वाटत नाही. पोलिसांनी आकस्मिक मृत्यू लिहून घेतला आणि चहा पिऊन गेले. खड्डा बुजवा म्हटलं, तर गावानं मान डोलावली. ह्या मानांना आग लागो.

२१ मे
आज दुपारी गडगडाट सुरू झाला आणि देवळामागून हाक आली. “बाई.”

मला वाटलं पेशंट. पावसात धावत गेले. खड्डा रिकामा, तळाशी शेणाला वाफ येत होती. कोणी नाही. गावातली एकूण एक दारं बंद.

कमलम्माच्या दारावर थाप मारून विचारलं. तिनं फटीतून सांगितलं, ओ देऊ नका. म्हणजे तिलाही ऐकू येतंय! सगळ्यांना ऐकू येतंय आणि सगळे कड्या लावून बसलेत. जिवंत होती तेव्हाही असेच बसले होते. मला भीती वाटायला हवी होती. मला नुसता संताप आला.

२४ मे
हाक रोज येते. पाऊस थांबला की थांबते. आवाज सिंधूचाच, शंकाच नाही. आज म्हणाली, “छाती दाबा, बाई.”

मी शिकवलेलं— उशीवर शिकवलेलं—

आज खड्ड्यात उतरले. हातांनी शेण चाचपलं. खाली एका ठिकाणी ते वर-खाली होत होतं. श्वासासारखं. मी दाबलं. दाबत राहिले. काठावर वैजनाथ येऊन उभा होता, भिजत. त्यानं विचारलं, ती काय म्हणते. म्हणजे त्याला ऐकू येत नाही. गावात फक्त त्यालाच नाही.

मी सांगितलं, तुला बोलवत नाही ती.

उगाच बोलले. नाही, उगाच नाही. त्याला लागायलाच हवं होतं.

२६ मे
डाव्या हातानं लिहितेय. उजवा उचलत नाही.

हाक आली. गेले. ओ दिली— मीच दिली. मग पांढरं, सगळं पांढरं, कानात नुसती शिट्टी—

जिवंत आहे. पाय हलत नाहीत. हे तात्पुरतं असतं, मला माहीत आहे, तासाभरात परत येतात. ओसरीवर आणून टाकलंय मला. रोजनिशी इथंच, ओसरीवरच्या उशीखाली होती. फोन बंद. हनीफभाई इस्लापूरला, संध्याकाळी येतो म्हणाले होते. तेवढा वेळ काढायचा.

देवळामागं फावड्यांचा आवाज.

ओरडले. जीभ जड आहे पण शब्द फुटतात. सगळ्यांना नावानं हाका मारल्या. कमलम्मा पाठ फिरवून रडतेय. कोणी ओ देत नाही.

वैजनाथ आला. हातात घोंगडी. त्याला म्हटलं— न चिडता, पहिल्यांदाच न चिडता— माझ्या अंगात वीज नाही, हात धरून बघ. मीच बोलतेय, वैजनाथ. मी.

तो उकिडवा बसला. हात पुढं केलासुद्धा. मग मागं घेतला.

म्हणाला, “तुम्ही बोलून राहिल्या असाल, तर सिंधूबी बोलत व्हती. मग तिला मीच मारलं, बाई. ते मला न्हाई झेपायचं.”

रडतोय. घोंगडी पसरतोय.

ओढ्यापलीकडून हॉर्न! हनीफभाई! ऐका ना, जीप आली, ओढा उतरेल आत्ता, थोडंच—

वैजनाथ सांगतोय गावातल्यांना, ऐकू नका रे, उचला. खड्ड्यातून सिंधू ओरडतेय, नको म्हणतेय, नका आणू म्हणतेय बाईंना, सगळ्यांना ऐकू येतंय, तरी एकही ओ—