तिथे मेंढा नव्हता

आमोणे, १२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास, विनूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जुळवतोस, म्हणून लिहिते. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे ह्यांची तब्येत ठीक. मिरचीची रोपं लावली.

आमच्या वाचनालयाच्या कपाटाला वाळवी लागली. जुनी पुस्तकं बाहेर काढताना एक मिळालं, पहिली पानं नसलेलं. गोष्टींचं समजून घरी आणलं, तर ते यहुद्यांचं शास्त्र निघालं, आणि मागच्या भागात ख्रिस्ती लोकांचं. त्यात अब्राहाम नावाच्या म्हाताऱ्याला देव सांगतो, तुझा मुलगा मला अर्पण कर. मुलगा स्वतःच्या पाठीवर लाकडं घेऊन डोंगर चढतो आणि बापाला विचारतो, की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे आहे? दादा, मी तिथेच पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. ऐन वेळी देव बापाचा हात थांबवतो, झुडपात अडकलेला मेंढा दाखवतो. मुलगा वाचतो. माझा विशाल गेल्यापासून मी देवाला एकच विचारत आलेय, माझा मुलगा का नाही वाचवलास, आणि इथे मेंढा आयता उभा!

खाली बारीक अक्षरांत टीप आहे, की हा मुलगा म्हणजे पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची आधीच पडलेली सावली. तू चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस. असं काही असतं का, सांग. रागावू नकोस, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
विनू

हळर्ण, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विनूस, दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला धक्काच बसला. दोनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीला वाचायला दिलं. पुस्तक खरंच कपाटात मिळालं, की कोणी आणून दिलं? घरात शांतारामरावांना माहीत आहे का? देवापुढे दिवा लावतेस ना? गाव लहान आहे, बोलायला लोकांना विषय लागतो.

टिपेचं म्हणशील, तर ते शास्त्र मूळचं यहुद्यांचं, आणि त्यांना त्यात ख्रिस्त दिसत नाही. ख्रिस्त होऊन गेल्यावर त्याच्या माणसांनी जुनी पानं पुन्हा उघडली, आणि जिथे लाकूड, डोंगर, कोकरू आलं तिथे त्यांना तोच दिसला. हे उलटं वाचणं झालं. त्यात जीव गुंतवू नकोस. पुस्तक परत ठेवून ये.

तुझी काळजी लागून राहिलेला,
गोकुळदास

आमोणे, २२ नोव्हेंबर २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू उलटं वाचण्याचं लिहिलंस ते मला इतकं पटलं, की पुस्तक परत ठेवलंच नाही. अरे, मीही उलटंच वाचते. विशाल सहा वर्षांचा असताना फेरीबोटीत चढेना, ह्यांनी उचलून नेला. बारावीत होता तेव्हा गणपती पोचवायला सगळे पाण्यात उतरले, हा काठावरच राहिला. तेव्हा आम्ही हसलो होतो. तो खनिज वाहणाऱ्या बार्जवरून मांडवी नदीत पडला त्या दिवसापासून एकेक आठवतं. होऊन गेल्यावरच ते दिसतं. ख्रिस्ताच्या माणसांचंही तसंच झालं असेल.

मग मी मागचा भाग वाचला. तिथेही क्रुसाचं लाकूड पाठीवर घेतलेला मुलगा आहे, टेकडी आहे, आणि ह्या खेपेला बाप म्हणजे प्रत्यक्ष देव. मी पानांमागून पानं उलटत मेंढा शोधत होते. तिथे मेंढा नव्हता. कोणी हात धरला नाही. दुसऱ्याचा मुलगा वाचवणाऱ्याने स्वतःचा वाचवला नाही. चुलीवरचं माशांचं हुमण करपलं तरी कळलं नाही. देव माझ्या रांगेत बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

घाबरू नकोस. मी माझा धर्म सोडलेला नाही, दिवाही लावते. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

एक विचारायचं राहून गेलं. जाण्याआधी दोन दिवस विशाल तुझ्याकडे हळर्णला आला होता. तेव्हा त्याच्या बोलण्यात काही आलं होतं का? आता मागे वळून तुला काही दिसतं का?

उत्तराकडे डोळे लावलेली,
विनू

हळर्ण, २७ नोव्हेंबर २०२५

चि. विनू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

विशाल आला तो बार्जवरची नोकरी सोडायची म्हणून. फळी निसरडी आहे, धरायला काही नाही, मला पाण्याची भीती वाटते, असं तो म्हणाला. बाबांना सांगायचं धाडस होत नाही, मामा, तुम्ही सांगा, म्हणाला. ती नोकरी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला सांगून लावली होती. माझा शब्द खाली पडेल, एवढंच मला दिसलं. मी म्हटलं, शिगम्याचा सण होईपर्यंत काढ, मग बघू. तो वाद घालत बसला नाही. हेल्मेट घातलं आणि विचारलं, की मग जाऊ ना, मामा? मी जा म्हटलं.

पावणेतीन वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. तुझ्या पहिल्या पत्रात त्या मुलाने बापाला प्रश्न विचारला ना, तिथेच मी हललो होतो. म्हणून तुला पुस्तक परत ठेवायला सांगितलं. धर्माचं नुसतं निमित्त होतं. माझा हात थांबवायला कोणी आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. विशालच आला होता.

गोकुळदास

आमोणे, ९ डिसेंबर २०२५

दादा,

दहाएक दिवस लिहिलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी अंगणात होते. घडी करून ते त्या पुस्तकात ठेवलं. पहिले काही दिवस तुझं नाव काढलं तरी अंगाची आग व्हायची.

अब्राहामाची गोष्ट पुन्हा काढली. बाप आहे, मुलगा आहे, नोकर आहेत, गाढवसुद्धा आहे. त्यात आई कुठेच नाही. मी तीनदा शोधली. तिला कोणी सांगितलं की नाही, मुलगा परतल्यावर ती काय म्हणाली, एक अक्षर नाही. मला निदान तू सांगितलंस. उशिरा, पण सांगितलंस.

माफ केलं असं लिहिणार नाही. अजून ते खरं होणार नाही. ह्यांना मी काही बोललेले नाही. ते तू येऊन, त्यांच्यासमोर बसून सांग.

रविवारी ये. मी तुझ्याकडे बघू शकेन की नाही, ठाऊक नाही. पण तुझं पान मांडून ठेवीन.

अजून तुझी बहीणच,
विनू