बिननावाचा रकाना

सर, तुमची कॉम्प्युटरवरची फाईल आता माझ्याकडे आली आहे. तुम्ही गेल्यावर ती दोघांच्या हातून फिरली. दोघंही नोकरी सोडून गेले, फाईल राहिली. अमरावतीच्या आपल्या ऑफिसात नवं बांधकाम निघालं की अजून तिचीच नक्कल काढतात, आणि कोणतं काम कोण किती दिवसांत करणार, हे ती आपोआप मांडून देते. आता नवं सॉफ्टवेअर येणार आहे. मालक म्हणाले, "सरनं तिच्यात काय काय करून ठेवलं, ते एकेक शोधून लिहून काढ. ज्याचं कारण सापडत नाही, ते उडवून टाक."

दोन आठवडे मी तेच करतो आहे. बरंचसं ओळखीचं निघालं. कॅलेंडरात पोळ्याबरोबर दुसऱ्या दिवशीच्या करीचीही सुटी आहे. दसऱ्याला तीन दिवस मोकळे आहेत, कारण आपले निम्मे गवंडी दीक्षाभूमीला जातात. खोदकामापुढे 'वापसा' नावाचा रकाना आहे. पाऊस पडून गेल्यावर काळी जमीन पाय ठेवण्याजोगी होईपर्यंतचे दिवस तो स्वतःच धरतो. असं एकेक सापडतं तसे तुम्ही दिसता. अकोल्याहून सकाळच्या एस.टी.नं येता, डबा खणात ठेवता, चष्मा पुसता, आणि पॉलिटेक्निक अर्धवट सोडून आलेला मी तुमच्यासमोर कागद धरून उभा असतो.

वरूडच्या संत्र्यांच्या शेडवरचा दिवस आठवतो. मी एकच भिंत तिसऱ्यांदा मोजत होतो. "काहून बे, भिंत पळून चालली का?" तुम्ही विचारता. सगळे हसतात. मी म्हणतो, "सर, एकदा पाहून घेतो." "पाह्य बाबा. तुहं समाधान झालं की सांग, तवर आमी संत्री खातो." माझं अर्धं संत्रं तुम्ही टेपच्या डब्यावर झाकून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात तुमच्या मागे उभा राहून मी फाईल पाहत होतो. दोन रकान्यांच्या मध्ये एक लपवलेला आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, तर तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात, "तिथं बोट लावू नको. तुह्या कागदावर आहे तेवढंच पाह्य." सरांचा माझ्यावर भरवसा नाही, असं मी तेव्हा धरून बसलो, आणि तुम्ही गेल्यावरही ते मनातून गेलं नाही.

मागच्या गुरुवारी मी तो रकाना उघडला. त्याला नाव नाही. आत एका ओळीचं सूत्र आहे: काम माझ्या नावावर असेल, तर एक दिवस वाढव. दुसऱ्या कोणासाठीही नाही, फक्त माझ्यासाठी. "याची तारीख कधी चुकत नाही," असं तुम्ही मालकांना सांगायचात. त्या वाक्यावर मी इतकी वर्षं ताठ मानेनं चालत आलो होतो.

आधी लाज वाटली, मग राग आला. मी ते सूत्र पुसून टाकलं आणि चांदूर बाजारच्या गोदामाचं माप घ्यायला नव्या तारखा घेऊन गेलो. तारीख चुकली. बरोबर एका दिवसानं. शेवटच्या दिवशी मी मागची भिंत चौथ्यांदा मोजत होतो, आणि भिंत पळून चालली का, असं विचारायला कोणी नव्हतं.

काल सूत्र परत घातलं. आज मालकांनी बोट ठेवून विचारलं, "अन हा कशाचा रे?" मी म्हणालो, "वापशाचाच आहे तो." टिपणातही तसंच लिहिलं. हा कागद त्याला जोडणार नाही, टेपच्या डब्यात ठेवणार आहे. अख्ख्या टिपणात ती एकच ओळ मी पुन्हा तपासलेली नाही.