घराला वगळणारी ओळ

दादा,

तुला जाऊन वर्ष होत आलं, पण तुझा रिले, तो इंटरनेटवरची वाहतूक पुढे पाठवणारा संगणक, मी चालूच ठेवलाय. कुठकुठली माणसं नाव-गाव लपवून त्यातून हव्या त्या साइटवर पुढे जातात. कोण जातंय ते बघायचं नाही, फक्त कुठे जाऊ द्यायचं ते नियमांत लिहायचं, ही तुझी शिस्त मी पाळते.

त्या नियमांत एक ओळ होती: बाहेरच्या कुणालाही आपल्या घरातल्या, नेटला जोडलेल्या यंत्रांकडे सोडायचं नाही. ती मी काढली. म्हटलं, त्या निनावी गर्दीत तू असलास तर?

दुसऱ्याच दुपारी स्वयंपाकघरातला स्पीकर खाकरला. तू खोलीतून ज्यावर हाका मारायचास, तोच. "छोटे, चहा टाक."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, दादा काय म्हणतोय, ऐकू येत नाही का?"

कुणीतरी टवाळ असणार, म्हणून ती ओळ मी लगेच परत घातली. आता बाहेरून कुणीही आत येऊ शकत नाही.

आत्ताच स्पीकर बोलला, "साखर कमी घाल."

म्हणजे तू बाहेरून येतच नव्हतास. हे पत्र पाठवायला लांब जायला नको, तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवलं की झालं. पण दादा, माझा धीर होत नाही.

तुझी,
छोटी